रजेची रंगीत तालीम

मिशनच्या मुख्य कचेरीचं पत्र आलं तेव्हा नर्सबाई दवाखान्याच्या ओट्यावर एका म्हाताऱ्याच्या कानातला मळ काढत होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे पाळकसाहेब, पत्र फडकवत फाटकापासूनच रजा मंजूर झाल्याचं सांगत आले. नर्सबाईंनी मान वर केली नाही. कान हातात घेतला की पुरा करायचा, मधे सोडायचा नाही, हा त्यांचा नियम. पिचकारीतलं शेवटचं पाणी आत गेलं, वाटाण्याएवढा गोळा बाहेर पडला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा म्हाताऱ्याला जे काही स्वच्छ ऐकू आलं ते हेच, की नर्सबाई चार महिन्यांनी जाणार. तो तसाच उठला आणि सांगत सुटला. दुपार व्हायच्या आत सगळ्या वस्तीला कळलं.

पत्र तसं साधंच होतं. सहा वर्षांच्या सेवेनंतर नऊ महिन्यांची मायदेशी रजा. त्यात विश्रांती घ्यावी, नातेवाइकांना भेटावं, आणि तिकडच्या ज्या ख्रिस्ती मंडळ्या या कामाला हातभार लावतात त्यांच्यापुढे जाऊन कामाची साक्ष द्यावी, अनुभव सांगावेत. तळाशी एक ओळ होती: आपल्या गैरहजेरीत काम खोळंबणार नाही अशी व्यवस्था करून निघावे. पाळकसाहेबांनी पत्र वाचून घडी घातली. नर्सबाईंनी घडी उलगडून ती शेवटची ओळ तीनदा वाचली.

त्याला कारण होतं. मागच्या रजेच्या वेळी दवाखान्याला सरळ कुलूप लावून ते निघाले होते. परत आले तेव्हा औषधांच्या दोन फळ्यांवर बुरशी चढली होती आणि बँडेजच्या कपाटात उंदरांनी बाळंतपणं उरकली होती. त्या नऊ महिन्यांत माणसांचं काय झालं ते सुईणमावशीने एकदाच सांगितलं, माणूस दगावलेली तीन घरं बोटांवर मोजून, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तेव्हापासून नर्सबाईंच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत एक वाक्य कायमचं येऊन बसलं. "देवबापा, हे काम माझ्यावाचून उभं राहू दे." सहा वर्षं त्यांनी ते एक दिवस चुकवलं नव्हतं. तापाने फणफणल्या होत्या त्या दिवशीसुद्धा नाही.

नुसतं मागून त्या थांबल्या नाहीत. सुईणमावशीला त्यांनी दवाखान्यात आणलं. मावशी म्हणजे वस्तीतल्या निम्म्या लोकांना स्वतःच्या हातांनी जगात आणलेली बाई. अकरा वर्षांपूर्वी नर्सबाई नव्याने आल्या तेव्हा पहिलं वर्षभर मावशी त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. रोज सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी मात्र येऊन उभी राहायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या रोग्यांशी कुजबुजायची. ही आपली गिऱ्हाइकं फोडते आहे, अशी नर्सबाईंची खात्री होती, आणि तिचं मन पालटावं म्हणून त्या प्रार्थनाही करत. पुढे एका अडलेल्या बाळंतपणात दोघी चौदा तास एका खोलीत कोंडल्या गेल्या. आत गेल्या तेव्हा एकीचं तोंड पूर्वेला आणि दुसरीचं पश्चिमेला. बाहेर पडल्या त्या एकमेकींना 'मावशी' आणि 'पोरी' म्हणत.

दुसरा होता कंपाउंडर. उंच, हडकुळा, दिवसाकाठी मोजून वीस शब्द बोलणारा, आणि त्यातलेही बारा औषधांची नावं. त्याला नर्सबाईंनी जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवून तीन आठवडे दात काढायचं शिक्षणसुद्धा देवविलं होतं. प्रत्यक्षात दात काढायची वेळ आली की चिमटा मात्र त्या स्वतःच धरत. तो शेजारी वाटी धरून उभा असे.

घरात रजेची तयारी सुरू झाली. पाळकसाहेबांचा सूट ट्रंकेतून निघाला. कोट बसला, पँट बसेना. पाळकसाहेबांचं म्हणणं, कापड आटलं. नर्सबाई म्हणाल्या की ट्रंकेत बंद पडलेलं कापड आटत नाही, बाहेर मोकळा फिरणारा माणूस सुटतो. थोरली मुलगी चौदा वर्षांची. तिकडे गेल्यावर दर रविवारी नव्या मंडळीपुढे आपल्याला उभं करून गायला लावणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे तिने आत्तापासूनच घसा बसल्यासारखं बोलायला सुरुवात केली. धाकटा सात वर्षांचा. तो मागच्या रजेत रांगत होता. आजीला त्याने पाहिलं होतं ते फक्त फोनच्या पडद्यावर, तेही कपाळापासून हनुवटीपर्यंत. आजीला पाय आहेत का, असं त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. पाळकसाहेबांनी आहेत म्हणून सांगितलं, तरी तो म्हणाला, बघू.

नर्सबाईंचं लक्ष मात्र सामानात नव्हतं. त्या वही लिहीत होत्या. दवाखाना कसा चालवावा, याची वही. पहिल्या महिन्यात एक वही भरली, दुसऱ्या महिन्यात दुसरी. मोठ्या कपाटाची किल्ली जरा उचलून फिरवायची, हे त्यात होतं. कोणती बाई खरोखर आजारी असते आणि कोणती सासूपासून तासभर सुटका म्हणून येते, हे होतं. कुणाला रागवायचं आणि कुणाला चुकूनही रागवायचं नाही, याची दोन वेगळी पानं होती. टोपल्या विणणाऱ्या आजींसाठी तर अख्खं पान: यांना रक्तदाबाच्या गोळ्या द्याव्यात, या एकही गोळी चुकवत नाहीत, इतरांना यांचं उदाहरण द्यावं.

दोनशे बारा पानं झाल्यावर त्यांनी वह्या कंपाउंडरच्या हाती दिल्या. त्याने दोन दिवसांत परत आणल्या. वाचल्या का, विचारलं, तर हो म्हणाला. काही अडचण? नाही म्हणाला. मग जाता जाता वळून म्हणाला, एकशे अठ्ठावीस पानावर एक डोस चुकलाय, पेन्सिलीने नीट केलाय. नर्सबाईंनी पान उघडून पाहिलं. चुकला होता.

मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला त्या वाचून दाखवायला बसल्या. सहाव्या पानाला मावशीचा डोळा लागला.

"मावशी, झोपलीस?"

"ऐकतेय," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "तुझा आवाज चांगला आहे. वाच."

शेवटी पाळकसाहेबांनाच बघवेना. तिसरी वही उघडलेली पाहून ते म्हणाले, "अगं, असं करू या. एक आठवडा तू गेलीस असं समज. सोमवार ते शनिवार घरातच राहा, दवाखान्यात पाऊल टाकू नकोस. नाटकवाले रंगीत तालीम करतात ना, तशी. जिथे त्या दोघांचं अडेल तेवढंच वहीत घाल."

नर्सबाई ताबडतोब कबूल झाल्या. त्यांचा हिशेब सोपा होता. मंगळवारी सकाळी दोघं धावत येतील, मग बुधवारपासून नीट शिकवता येईल.

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं की उद्यापासून शनिवारपर्यंत नर्सबाई गेल्या आहेत असं सर्वांनी धरून चालावं. मंडळीने ते फारच मनावर घेतलं. दोन बायकांनी दारात नर्सबाईंना मिठी मारून डोळे पुसले. एकीने परत कधी येणार म्हणून विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, शनिवारी. तेवढ्याने तिचं समाधान झालं.

सोमवारी सकाळी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. खिडकीपासून दवाखान्याचा ओटा पस्तीस पावलांवर. बॅगा भरायच्या होत्या, पण एक सदरा घडी केला की एकदा खिडकी, एक परकर घडी केला की एकदा खिडकी, असं चाललं होतं. साडेबाराच्या सुमारास पाहतात तर ओटा रिकामा. एरवी तीन वाजेपर्यंत रांग हटत नसे. नाराज होऊन लोक परत गेले असणार. त्यांनी थोरलीला बघायला पाठवलं. थोरली हलत डुलत गेली आणि हलत डुलत परत आली.

"सगळे झाले," ती म्हणाली.

"झाले म्हणजे?"

"तपासून झाले. कंपाउंडरकाकांनी पुठ्ठ्याचे नंबर केलेत. ज्याचा नंबर तो आत. आता ते डबा खातायत."

नर्सबाईंना अकरा वर्षांत डबा कधी चारच्या आत उघडल्याचं आठवेना. त्यांनी स्वतःची समजूत घातली की सोमवारी गर्दी कमीच असते. नसते, हे त्यांना ठाऊक होतं.

मंगळवारी कुणी धावत आलं नाही. तेव्हा नर्सबाईंना आठवलं की बॅगांचं वजन करायला हवं आणि वजनकाटा तर दवाखान्यात आहे. त्या पदर सावरून निघाल्या. फाटकाशी मावशी स्टुलावर बसून कापूस पिंजत होती. तिने पाय लांब करून वाट अडवली.

"कुठं निघालीस?"

"काटा हवाय गं. बॅगा मोजायच्यात."

"तू गेलीयस," मावशी म्हणाली.

"काट्यापुरती येते."

"गेलेली माणसं काट्याला येत नाहीत. थोरलीला पाठव, देते."

नर्सबाई मावशीच्या खांद्यावरून आत डोकावू लागल्या, तशी मावशीने कापसाचा मोठा ढीग मांडीवर उचलून घेतला आणि आतलं काही दिसेनासं झालं. पाठीमागे उभ्या असलेल्या दोन रोग्यांनी नर्सबाईंकडे न पाहिल्यासारखं केलं. निमूट परत यावं लागलं.

बुधवारी दवाखान्यातून हसण्याचा आवाज आला. एकदा नाही, तीनदा. नर्सबाईंच्या दवाखान्यात लोक बरे होत, औषधं नेत, रडतही, पण हसल्याचं त्यांना स्मरत नव्हतं. त्यांनी घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला काढली.

गुरुवारी दूधवालीने दूध कमी घातलं. विचारलं तर म्हणाली, एक माणूस कमी ना घरात. नर्सबाई तिच्यासमोर पातेलं धरून उभ्या होत्या. नाही म्हणायला, जाताना दूधवाली जवळ आली आणि हळूच म्हणाली, बाई, माफ करा हं, तुम्ही गेल्यात म्हणून नीट बोलता येत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी कुटुंब नेहमीसारखं दिव्याभोवती प्रार्थनेला बसलं. पाळकसाहेबांनी प्रवासासाठी, व्हिसासाठी आणि गाडीच्या पुढच्या चाकासाठी प्रार्थना केली. थोरलीने ज्यांना गाता येत नाही अशा सर्वांसाठी प्रार्थना केली. मग नर्सबाईंची पाळी. त्यांनी आजाऱ्यांसाठी मागितलं, वस्तीसाठी मागितलं, आणि आमेन म्हणून थांबल्या.

धाकट्याने एक डोळा उघडला. "आई, तू ते वाक्य गाळलंस."

"कुठलं?"

"काम उभं राहू दे, ते."

नर्सबाई म्हणाल्या की विसरले असेन. पाळकसाहेबांनी खाकरून धाकट्याला प्रार्थना करायला सांगितलं. त्याने दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि हात जोडले.

"देवबापा, तू आईचं ऐकलंस म्हणून ती रागावलीय. तर थोडंसं परत घे. सगळं नको. मावशीला ताप नको येऊ दे. कंपाउंडरकाकांना एक गोळी नको सापडू दे, म्हणजे ते आईला विचारायला येतील. आमेन."

थोरली उशीत तोंड खुपसून हसत होती. पाळकसाहेब फार वेळ चष्मा पुसत बसले. नर्सबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यापाशी नुसत्या उभ्या राहिल्या. सहा वर्षं मागितलेलं मिळालं होतं. पदरात पडलेलं पाहून आपल्या पोटात दुखतंय, हे त्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं, आणि एकदा कबूल केल्यावर त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की हसूच आलं.

शुक्रवारी पहाटे त्यांची दाढ ठणकायला लागली. आधी वाटलं, मनाचे खेळ. मग गाल सुजला. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, दहा वाजेस्तोवर कानापर्यंत कळ जायला लागली. पाळकसाहेब म्हणाले की तालीम मोडली तर मोडली, मी मावशीला सांगतो. नर्सबाईंनी हात हलवून नको म्हटलं. त्यांनी गालाला रुमाल बांधला आणि स्वतःच निघाल्या.

मावशीने या वेळी वाट अडवली नाही. सुजलेला गाल पाहिला आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा हातात दिला. नंबर सतरा.

"मावशी, फार दुखतंय गं."

"सोळा जणांना दुखतंय. बाकावर बस."

बाकावर नर्सबाई आजवर कधी बसल्या नव्हत्या. बसल्याबरोबर त्यांना कळलं की त्याचा एक पाय आखूड आहे आणि कुणी हललं की सगळे हलतात. समोरच्या भिंतीवर त्यांनीच लावलेला हात धुण्याचा तक्ता होता. इथून त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. शेजारी टोपल्या विणणाऱ्या आजी होत्या. त्यांनी नर्सबाईंच्या गालाला हात लावून पाहिला, हळहळल्या, आणि मग बाकावरच्या बाकीच्यांशी आपलं अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू केलं. नर्सबाई गेलेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यापुढे काय बोलावं याचा संकोच कुणाला नव्हता.

आजी सांगत होत्या की या नव्या गोळीने चक्कर येत नाही. नर्सबाईंनी रुमाल तोंडावरून बाजूला केला आणि कुठली नवी गोळी म्हणून विचारलं.

"कंपाउंडरने बदलून दिली. जिल्ह्याच्या डॉक्टरला फोन लावून."

"आणि आधीची?"

"ती मी घेतच नव्हते, पोरी. डोकं गरगरायचं."

"पण दर महिन्याला तुम्ही मला सांगत होतात..."

"तर काय करणार? घेतल्या म्हटलं की तुझा चेहरा कसा खुलायचा. नाही घेतल्या म्हणावं तर दिवसभर तोंड पाडून बसणार. तुला कोण दुखवणार?" आजी म्हणाल्या. "कंपाउंडरचं बरं आहे. त्याला वाईट वाटलं काय नि चांगलं वाटलं काय, तोंडावर काही दिसतच नाही. सांगायला सोपं पडतं."

बाकावरच्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. नर्सबाईंना वहीतलं आजींचं पान आठवलं आणि दाढेतून एक कळ उठली. एकीला धीर चढला. तिने ती जुनी गोष्ट काढली, जेवणाऐवजीची. दुसरीने तिला कोपराने ढोसलं. नर्सबाईंनी विचारलं, कसली गोष्ट. बाक हलला. तेवढ्यात मावशी कापसाचं टोपलं घेऊन बाहेर आली, तर सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

मावशीने टोपलं खाली ठेवलं. "तू नवी आलीस ना, तेव्हा इथली भाषा तुला धड येत नव्हती. जेवणानंतर म्हणायचीस तिथे तू जेवणाऐवजी म्हणायचीस. आमच्या बोलीत एका अक्षराचा फरक. सगळ्यांना सांगायचीस, ही गोळी रोज जेवणाऐवजी घ्या."

"किती दिवस?"

"आठ-नऊ महिने असतील."

"आणि लोक उपाशी राहिले?"

"कशाला राहतील? मी उभी होते ना फाटकाशी. जो बाहेर येईल त्याला सांगायची, बाबा, जेवून घे. आणि बाईला सांगू नका, नवी आहे, हिरमुसेल."

नर्सबाईंना ते पहिलं वर्ष आठवलं. वर्षभर फाटकाशी उभी असलेली मावशी. तिचं मन पालटावं म्हणून आपण गुडघे टेकत होतो, आणि ती बाहेर आपलीच औषधं बरोबर करून देत होती. तेवढ्यात कंपाउंडरने आतून सतरा नंबर पुकारला.

खुर्चीत बसल्यावर त्याने तोंडात पाहिलं आणि म्हणाला, काढावी लागेल. नर्सबाईंना ते आधीच माहीत होतं. त्यांना हेही माहीत होतं की याने एकट्याने आजवर एकही दात काढलेला नाही, आणि त्याचं कारण त्या स्वतः होत्या. कंपाउंडरच्या कपाळावर घाम होता. त्याने हात धुतले, बधिर करायची सुई दिली, उकळलेला चिमटा उचलला, आणि थांबला. त्याची नजर सवयीने नर्सबाईंच्या हाताकडे गेली, चिमटा तिकडे द्यायला. नर्सबाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

हात दाबता आले, तोंड दाबता येईना. तो चिमटा लावतो न लावतो तोच त्या घशातून सूचना द्यायला लागल्या. बाहेर येत होतं ते नुसतं अँ आणि ओं. कंपाउंडर गोंधळून थांबला. मावशीने मागून नर्सबाईंचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरलं आणि वाकून म्हणाली, "गेलेली माणसं बोलत नाहीत. तू काढ रे."

त्याने काढली. खालची, मागची, दोन मुळांची, अख्खी. वाटीत टण्णकन आवाज झाला. कंपाउंडर वाटीकडे असा पाहत होता जसा बाप पहिल्या पोराकडे पाहतो. मग त्याने नर्सबाईंच्या तोंडात कापूस दिला आणि एका दमात सांगितलं: अर्धा तास दाबून धरा, चूळ भरू नका, गरम खाऊ नका, दुखलं तर ही गोळी घ्या, जेवणानंतर, ताप आला तर लगेच या. एकवीस शब्द झाले. मावशीने तो दिवसभर थकला असेल म्हणून त्याला चहा करून दिला.

त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत नर्सबाईंच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे त्यांना काहीच मागता आलं नाही. पाळकसाहेब नंतर म्हणाले की अकरा वर्षांत देवाला एक संध्याकाळ निवांत मिळाली. नर्सबाईंनी त्यांना उशी फेकून मारली.

शनिवारी त्यांनी तिन्ही वह्या चाळल्या. किल्ली उचलून फिरवायचं पान ठेवलं, औषध मागवायच्या तारखांची चार पानं ठेवली. माणसांविषयीची सगळी पानं सोडवून चुलीत घातली. सोमवारी मावशीने निरोप पाठवला की तालीम संपली, कामाला ये, रोगी खोळंबलेत. त्या गेल्या. पुठ्ठ्याचे नंबर तसेच राहू दिले. आखूड पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकला, तक्ता हातभर खाली आणला. पुढचे सहा आठवडे तपासताना त्या मधूनमधून अगदी मख्ख चेहरा करून बसायचा प्रयत्न करत. कंपाउंडरसारखा काही जमला नाही. मावशी म्हणाली, राहू दे, पोट दुखल्यासारखी दिसतेस.

निघायच्या दिवशी सकाळी निरोप द्यायला त्यांना वाटलं होतं त्याच्या निम्मी माणसं आली. बाकीची दवाखान्याच्या रांगेत होती. मावशी तर आलीच नाही, तिला पहाटे एका बाळंतिणीकडे बोलावणं आलं होतं. गाडी त्या घरावरून गेली तेव्हा मावशी दारात आली, हात रक्ताने माखलेले होते म्हणून कोपर हलवलं, आणि परत आत गेली. नर्सबाईंनी गाडी थांबवायला सांगितली नाही. पाळकसाहेब त्यांच्याकडे बघत होते.

मायदेशी पोचल्यावर धाकट्याने विमानतळावर सर्वांत आधी आजीच्या साडीखाली वाकून पाहिलं. पाय होते. दोन होते. त्याचं समाधान झालं आणि तो तिच्या कडेवर जाऊन बसला तो उतरेना.

तिसऱ्या रविवारी नर्सबाईंच्या माहेरच्या मंडळीत त्यांची साक्ष ठेवली होती. थोरलीने एक गीत म्हटलं. तिचा घसा अजिबात बसलेला नव्हता, आणि लोकांनी आणखी एक म्हणायला लावलं तर तिने तेही म्हटलं. मग नर्सबाई उभ्या राहिल्या. वीस मिनिटं ठरलेली होती. रोगी किती, बाळंतपणं किती, गरज किती, असं काय काय त्यांनी लिहून आणलं होतं. कागद हातात तसाच राहिला. त्यांनी जेवणाऐवजीची गोष्ट सांगितली, वर्षभर फाटकाशी उभ्या असलेल्या बाईची. मंडळी इतकी हसली की मागच्या बाकावरचं तान्हं बाळ रडत उठलं. मग त्यांनी सांगितलं की आज, या घटकेला, तिथे नंबर पुकारले जात असतील. आणि आपण देवाकडे जे मागितलं ते त्याने कधीच देऊन टाकलं होतं, आपल्याला कळायला फक्त अकरा वर्षं आणि एक दाढ लागली. मिशनचे सचिव पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी आणखी नर्सांची मागणी ऐकायची तयारी केली होती. त्यांनी पेन खिशात ठेवलं.

शेवटी प्रश्न विचारायची मुभा होती. दुसऱ्या रांगेत नर्सबाईंची आई बसली होती. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे ती जे बोले ते सगळ्यांना ऐकू जाई.

"मग तुमच्यावाचून तिथे सगळं नीट चाललंय," ती म्हणाली.

"हो, आई."

"तर मग परत कशाला जाता?"

पाळकसाहेबांनी पँटचं वरचं बटण चाचपलं, ते आता लागत होतं, आणि मान खाली घातली. नर्सबाईंकडे या प्रश्नाची दोन-तीन चांगली उत्तरं होती, सेवेची, देवाच्या पाचारणाची. मंडळ्यांपुढे त्यांनी ती अनेकदा दिली होती. या वेळी त्यांनी त्यातलं एकही दिलं नाही.

"माझी माणसं आहेत तिथे," त्या म्हणाल्या.

आईने हात कानामागे धरून ते ऐकलं. विचार केला. मग म्हणाली, "आणि आम्ही कोण?"

सगळी मंडळी नर्सबाईंकडे पाहत होती. त्या व्यासपीठावरून उतरल्या, दुसऱ्या रांगेत गेल्या, आणि लोकांना सरकायला लावून आईच्या शेजारी बसल्या. पेटीवाल्याने, साक्ष संपली असं समजून, शेवटच्या गीताचा सूर धरला. तो फार वरचा धरला होता. आईने नर्सबाईंचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने आणि भलत्याच सुरात गायला सुरुवात केली. नर्सबाईही तिच्याच सुरात गायल्या.